चाकाच्या खुर्चीतून सिंगापुरात जेवायला

मंडळी, परगावी गेलेल्या माणसाला पहिली काळजी कसली असते? मुक्कामाची नव्हे, जेवणाची. पथारी टाकायला जागा कुठेही मिळते, पण वेळेवर दोन घास कुठे मिळतील हा विचार गाडीतून उतरल्याबरोबर सुरू होतो. धडधाकट माणसाची ही गत. मग ज्याला चालता येत नाही, जो चाकाच्या खुर्चीत, म्हणजे व्हीलचेअरमध्ये बसूनच हिंडतो, त्याने काय करावे? हॉटेलच्या पाटीवर काय लिहिले आहे ते तो मागाहून वाचतो. दाराशी पायऱ्या किती आहेत हे त्याला आधी मोजावे लागते.

आज हाच प्रश्न आपण एका परक्या शहरात नेऊन पाहू. शहर आहे सिंगापूर. तुम्ही म्हणाल, आम्हां खेड्यातल्या माणसांना सिंगापूरशी काय कर्तव्य? पूर्वी नसेल, आता आहे. आपल्या तालुक्यांतून शिकून गेलेली कितीतरी मुलेमुली तिथे नोकरीला आहेत, मराठी कुटुंबे आहेत, त्यांचे महाराष्ट्र मंडळही आहे. मुलगा कळवतो, "आई, बाबांना घेऊन महिनाभर ये." आणि बाबा म्हणतात, "मी हा असा खुर्चीत. मला कुठे फरफटत नेता? तुम्ही जाऊन या." मग त्यांच्यापायी आईही जात नाही आणि नातवंड फोनवरच मोठे होते. हा नकार पुष्कळदा पायऱ्यांच्या भीतीचा असतो. ती भीती किती खरी आणि किती नुसती मनाची, हे त्यांना नीट कुणी सांगितलेले नसते. तेवढे आज सांगतो.

सिंगापूर म्हणजे एक बेट. क्षेत्रफळ बृहन्मुंबईपेक्षा थोडे जास्त आणि वस्ती सुमारे साठ लाख. विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे बारा महिने घाम आणि केव्हाही पाऊस. तिथली बरीच माणसे रोज बाहेरच जेवतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ही माणसे जेवतात कुठे? तर 'हॉकर सेंटर'मध्ये. हॉकर म्हणजे फेरीवाला. पूर्वी हे फेरीवाले गाड्या लावून, कावडी खांद्यावर घेऊन रस्त्यावर अन्न विकत. १९६८-६९ साली सरकारने त्यांची नोंदणी केली, आणि १९७१ पासून त्यांच्यासाठी छप्पर, नळ आणि सांडपाण्याची सोय असलेल्या मंडया बांधायला घेतल्या. हे काम पंधरा वर्षे चालले. आज अशी शंभरावर केंद्रे आहेत. २०२० साली युनेस्कोने ह्या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्या आठवडी बाजाराच्या पत्र्याच्या छपराखाली पन्नास-शंभर गाळे आहेत, प्रत्येक गाळ्यात एकच माणूस आपला एकच हातखंडा पदार्थ करतो आहे आणि मधल्या मोकळ्या जागेत सगळ्यांची मिळून टेबले आहेत, असे डोळ्यांपुढे आणा. एका टेबलावर चिनी माणूस भात-कोंबडी खातो आहे, शेजारी मलाय बाई नारळाच्या दुधातला भात खाते आहे आणि पलीकडे तमिळ गृहस्थ डोसा मोडतो आहे. चाकाच्या खुर्चीच्या दृष्टीने ही रचना मुळात चांगली. भिंती नाहीत, दार नाही, त्यामुळे उंबराही नाही. बरीच केंद्रे तळमजल्यावर आहेत. वेटर येऊन "आत जागा नाही" म्हणेल ही धास्ती नाही.

पण एक मोठी अडचण आहे, आणि ती पायरीची नसून स्टुलाची आहे. ह्या मंड्यांतली टेबले आणि स्टुले जमिनीत पक्की बसवलेली असतात. टेबल गोल किंवा चौकोनी, भोवती चार-सहा स्टुले, सगळी बोल्टांनी आवळलेली. ती हलत नाहीत, कुणी पळवत नाही, फरशी धुवायला सोपे जाते; बांधणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण खुर्चीतल्या माणसाने करायचे काय? स्टूल बाजूला सरकवून तिथे आपली खुर्ची लावावी, तर ते सरकत नाही. मग तो टेबलाच्या कडेला तिरपा बसतो. ताट मांडीवर घेतो, खुर्चीचे मागचे चाक येण्याजाण्याच्या वाटेवर राहते आणि दर मिनिटाला कुणाचा तरी धक्का लागतो. घरची मंडळी टेबलाभोवती गोल बसलेली असतात आणि हा एकटा बाहेर. पोट भरते, पण पंगतीला बसल्याचे समाधान मिळत नाही. हे दुःख मी मोठे मानतो. पायरीवरून चार माणसे उचलून नेतील, पण पंगतीबाहेर बसलेल्या माणसाला आत कसे घ्यायचे?

ह्यावर उपाय अगदी साधा आहे, आणि तिथे तो बऱ्याच ठिकाणी झालेला आहे. टेबलाच्या एका बाजूचे स्टूल काढून टाकायचे आणि त्यावर चाकाच्या खुर्चीचे निळे-पांढरे चित्र लावायचे. २००१ पासून सरकारने जुनी हॉकर केंद्रे सुधारण्याचा ४२ कोटी सिंगापुरी डॉलरचा कार्यक्रम हाती घेतला होता. त्यात शौचालये, वारा, फरशी आणि बैठका सुधारल्या. तेव्हा अशा केंद्रात शिरल्यावर आधी खाद्यपदार्थ पाहू नका, हे चित्र लावलेले टेबल शोधा. ती टेबले बहुधा वाटेच्या कडेला असतात.

टेबल सापडले तरी ते रिकामे असेलच असे नाही. तिथे जागा धरायची एक गमतीची रीत आहे. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसे तिथले लोक टेबलावर कागदी रुमालाचे पुडके ठेवून खुशाल जेवण आणायला निघून जातात. ह्याला ते 'चोप करणे' म्हणतात. त्या पुडक्याला कुणी हात लावत नाही! म्हणून बरोबरच्या माणसाने आधी जाऊन पुडके ठेवावे आणि मग खुर्ची आत आणावी. दुपारी बारा ते दोन कचेऱ्यांची सुट्टी असते, तेव्हा मात्र कुठलेही पुडके उपयोगी पडत नाही. अकराला जा, नाहीतर दोननंतर जा. फार उशीर केलात तर नामांकित गाळ्यांवरचे पदार्थ संपलेले असतात, हेही लक्षात ठेवा.

आता थोडे हिशेबाचे बोलू. शिक्षक मंडळींनी हा भाग वर्गात फळ्यावर घ्यायला हरकत नाही. हाताने चालवायची साधी खुर्ची साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर रुंद असते. ढकलणाऱ्याची बोटे दाराच्या चौकटीत चिरडू नयेत म्हणून दार त्याहून रुंद हवे. सिंगापूरच्या नियमात ही मोकळी रुंदी ८५ सेंटीमीटर धरली आहे. खुर्ची जागच्या जागी फिरवायला दीड मीटर रुंद, दीड मीटर लांब अशी मोकळी जागा लागते. टेबलाखाली गुडघे जायला सुमारे ७० सेंटीमीटर उंची हवी. आणि उताराचे प्रमाण एकास बारा. म्हणजे १५ सेंटीमीटरची एक पायरी टाळायची असेल तर उतार १८० सेंटीमीटर लांब पाहिजे. दोन पायऱ्यांना ३६०. आपल्याकडेही सरकारी नियमांत हेच प्रमाण आहे, पण पुष्कळ गावी शाळेच्या दाराशी हातभर लांबीचा उभा सिमेंटचा गोळा थापतात आणि त्याला रॅम्प म्हणतात. त्यावरून खुर्ची चढवायला दोन पैलवान लागतात, आणि उतरवताना तर देवाचे नाव घ्यावे लागते. मुलांना टेप घेऊन आपल्या शाळेचा उतार मोजायला लावा, गुणोत्तर चांगले समजेल.

सिंगापुरात हे नियम १९९० साली लागू झाले, तेही नव्या इमारतींना आणि ज्यांत मोठी दुरुस्ती होईल अशांना. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. शहरात जे १९९० नंतर बांधले, ते बहुधा सोपे. जे आधीचे आहे आणि दुरुस्त झालेले नाही, तिथे भरवसा धरू नये. हॉटेल किती महाग, किती झकपक, ह्यावर काही अवलंबून नाही. कधी कधी मोठ्या नावाच्या उपाहारगृहात तीन पायऱ्या असतात आणि त्याच गल्लीच्या टोकाच्या मंडईत एकही नसते.

सर्वांत अवघड जागा कुठल्या, तर सर्वांत देखण्या. चायनाटाउन आणि लिटल इंडिया ह्या भागांत जुन्या चाळवजा दुकानघरांच्या रांगा आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि समोर छप्पर असलेली पडवी. स्टॅम्फर्ड रॅफल्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२२ साली शहराची आखणी करताना हुकूम काढला की प्रत्येक घरापुढे सलग, उघडी पडवी असावी, म्हणजे उन्हापावसात माणसांना तिच्यातून जाता येईल. हिला 'फाइव्ह-फूट वे' म्हणतात. मलाय भाषेत 'काकी लिमा', म्हणजे पाच फूट. कल्पना नामी होती. पण प्रत्येक घरमालकाने आपल्या जोत्याची उंची आपल्या मनाने ठरवली. त्यामुळे ह्या घराच्या पडवीतून त्या घराच्या पडवीत जाताना कुठे एक पायरी वर, कुठे दोन खाली. वर दुकानदारांनी मांडलेली खोकी आणि कुंड्या. १९८९ पासून हे भाग जतन केलेले आहेत, त्यामुळे घरांचे बाहेरचे रूप मनास येईल तसे बदलता येत नाही. ह्या घरांतल्या खानावळीत जायचे असेल तर आधी फोन करावा. फोनवर "तुमच्याकडे सोय आहे का?" असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी "हो हो, या" असेच येते. दाराशी पायऱ्या किती, शौचालय कोणत्या मजल्यावर आणि त्याचे दार केवढे, असे नेमके विचारावे. "फक्त एकच पायरी आहे" असे उत्तर आले तर ती केवढी, हेही विचारावे. चालणाऱ्याला एक पायरी म्हणजे काहीच नाही.

तिथवर पोचायचे कसे? ह्या बाबतीत मात्र सिंगापूरचे कौतुक करावे तेवढे थोडे. तिथली आगगाडी, एमआरटी, १९८७ साली सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांत खुर्चीतल्या माणसाचा विचार केलेला नव्हता. पुढे जुन्या स्थानकांत लिफ्ट बसवत गेले आणि २००६ पर्यंत प्रत्येक स्थानकात निदान एक तरी बिनपायऱ्यांची वाट झाली. मात्र ती वाट कोणत्या दाराशी आहे हे पाहून घ्यावे. चुकीच्या दाराने बाहेर पडण्याचा बेत केलात तर मोठा रस्ता ओलांडून परत यावे लागते. बसगाड्यांचेही तसेच. २०२० च्या अखेरीपासून शहरातली प्रत्येक सार्वजनिक बस खुर्चीवाल्याला चढता येईल अशी आहे. बस थांब्याशी आली की एका अंगाने खाली झुकते, भरलेला बैल दमून बसू लागावा तशी. ड्रायव्हर स्वतः खाली उतरतो, मधल्या दाराशी जमिनीतली फळी उलगडतो आणि खुर्ची आत घेतो. आत खुर्ची उलट्या तोंडाने, पाठ टेकणीला लावून उभी करायची. ह्यात दोन मिनिटे जातात. त्यासाठी वरमून जाऊ नये. तो ड्रायव्हरच्या कामाचाच भाग आहे. खुर्ची मात्र ७० सेंटीमीटरपेक्षा रुंद आणि १२० पेक्षा लांब नको. पाऊस आला तर? स्थानकांपासून आसपासच्या वस्त्यांपर्यंत छपराच्या वाटा आहेत. २०१३ पासून त्या पुष्कळ वाढवल्या. तरी छत्री असू द्या.

आता दोन-चार ठिकाणे सांगतो. आपल्या माणसांना सोयीचे पहिले म्हणजे टेक्का सेंटर, लिटल इंडियात, सेरंगून रोडच्या तोंडाशी. लिटल इंडिया स्थानक २००३ साली उघडलेल्या मार्गावर आहे, म्हणजे त्यात लिफ्ट पहिल्यापासूनच आहेत, आणि 'सी' ह्या दाराने बाहेर आले की टेक्का समोरच. खाण्याचे गाळे तळमजल्यावर. इडली, डोसा, पराठ्याचा भाऊ शोभेल असा 'रोटी प्राटा', बिर्याणी, सगळे मिळते. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पलीकडच्या अंगाला भाजी-मासळीचा बाजार आहे, तिथली फरशी ओली असते. चाके घसरत नाहीत, पण हाताने चाक फिरवणाऱ्याचे तळवे मात्र चिखलाचे होतात. हातमोजे किंवा ओला रुमाल जवळ ठेवावा. रविवारी तिथे फार गर्दी असते. तो दिवस टाळलेला बरा.

दुसरे मॅक्सवेल फूड सेंटर. चायनाटाउनच्या कडेला, एकमजली. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच नावाचे एमआरटी स्थानक अगदी बाजूला उघडले, त्यामुळे पूर्वीची पायपीट, म्हणजे चाकपीट म्हणा, वाचली. कोंबडी-भातासाठी तिथे लांब रांगा लागतात आणि गाळ्यांमधल्या वाटा अरुंद आहेत. भर दुपारी खुर्ची आत शिरली की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. त्याउलट लाउ पा सात. नावाचा अर्थच 'जुना बाजार'. १८९४ साली उभी केलेली ओतीव लोखंडाची अष्टकोनी मंडई, ऐन कचेऱ्यांच्या भागात. उंच छप्पर, आठ बाजूंनी वारा, मध्ये ऐसपैस जागा. संध्याकाळी शेजारचा रस्ता वाहनांना बंद करून तिथे टेबले मांडतात आणि निखाऱ्यावर मांसाच्या काड्या, म्हणजे 'साते', भाजतात. ही टेबले-खुर्च्या सुट्या असतात. हलवा आणि बसा! माझ्या मते खुर्चीतल्या माणसाने सिंगापुरातली पहिली संध्याकाळ इथेच काढावी.

चायनाटाउन कॉम्प्लेक्स मोठ्यांत मोठे, दोनशेच्या वर गाळे, पण ते वरच्या मजल्यावर. लिफ्ट आहे. मात्र लिफ्टवर अवलंबून जेवायला गेल्यावर ती बंद पडली तर काय, हा विचार ज्याला सतावतो त्याने तळमजल्याचीच जागा धरावी. ज्याला आजूबाजूची गंमत नको, फक्त निर्धोकपणा हवा, त्याने मोठ्या दुकानसंकुलांतल्या थंड केलेल्या भोजनकक्षात जावे. तिथे सुट्या खुर्च्या, सपाट जमीन, जवळ शौचालय असे सगळे असते. किंमत थोडी जास्त पडते.

शौचालयाचे मी मुद्दाम वेगळे बोलतो, कारण ह्यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. खुर्चीने प्रवास करणारी कितीतरी माणसे, विशेषतः बायका, घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत. त्या उकाड्यात हे घातक आहे. चक्कर येते, लघवीचे विकार जडतात. आणि सगळे कशासाठी, तर शौचालय सापडले नाही तर फजिती नको म्हणून. सिंगापुरात ह्याची गरज नाही. सुधारलेल्या हॉकर केंद्रांत, दुकानसंकुलांत आणि एमआरटी स्थानकांत रुंद दाराचे, धरायला दांडे असलेले वेगळे शौचालय असते. जेवायचे ठिकाण ठरवताना जवळचे स्थानक कोणते हे धरून ठेवले की मन निश्चिंत राहते. मग नारळपाणी प्या, उसाचा रस प्या.

एकट्याने गेलेल्या माणसाच्या दोन अडचणी राहतात. गाळ्यांचे ओटे उंच असतात, खुर्चीतून आतला माणूस दिसत नाही. आणि नव्या ठिकाणी पडद्यावर बोट लावून मागणी द्यायची असते, तो पडदाही उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. दुसरे म्हणजे वाफाळते सूप मांडीवर ठेवून चाके कशी फिरवायची? इथे तोंड उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. गाळेवाल्याला 'अंकल' किंवा 'आंटी' म्हणून हाक मारायची, तिथे तशीच रीत आहे, आणि टेबल दाखवून "तिकडे आणून द्याल का?" म्हणायचे. गर्दी नसेल तर बहुतेक जण आणून देतात.

एक वेगळे ठिकाण सांगायचे राहिले. कोह सेंग चून ह्या गृहस्थांनी २०१० साली 'डिग्निटी किचन' नावाची संस्था काढली. अपंग माणसांना तिथे हॉकरचा धंदा शिकवतात, आणि गाळ्यांमागे तीच माणसे उभी असतात, किंवा बसलेली असतात. आतापर्यंत आपण ओट्याच्या अलीकडच्या माणसाचा विचार केला. इथे खुर्चीतला माणूस ओट्याच्या पलीकडे आहे, पैसे घेणारा. एका गाळ्यावर विक्रेत्याला ऐकू येत नाही, म्हणून कोणता पदार्थ हवा ते हाताच्या कोणत्या खुणेने सांगायचे ह्याची चित्रे समोर लावलेली असतात. गिऱ्हाईक आपली बोटे वाकडीतिकडी करत बसते आणि विक्रेता हसत उभा असतो.

शेवटी एक-दोन बारीक गोष्टी. २०२१ पासून जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठरावीक घडवंचीवर ठेवावे लागते, नाहीतर दंड होऊ शकतो. ज्यांना ते जमणारच नाही अशा वृद्ध आणि अपंग माणसांच्या बाबतीत अधिकारी समजुतीने घेतात, असे तिथल्या सरकारने सांगितलेले आहे. तरी बरोबर कुणी असेल तर त्याने ताट ठेवून यावे. घडवंच्या दोन प्रकारच्या असतात. मुसलमानांच्या हलाल जेवणाची ताटे वेगळी, बाकीची वेगळी. पाटी वाचूनच ठेवावे. आणि प्रत्येक केंद्र अधूनमधून मोठ्या साफसफाईसाठी बंद असते. त्या तारखा आधी जाहीर होतात, त्या सुनेला पाहून ठेवायला सांगा, म्हणजे सासऱ्यांची खुर्ची दारापर्यंत नेऊन परत फिरवावी लागणार नाही.